पावसाळ्याचे चार महिने होम स्टेजिंगचे फर्निचर आणि सजावटीचे सामान गोव्यात सुरक्षित कसे ठेवावे?

विक्रीसाठीचे फ्लॅट सजवून दाखवण्याचा आपला व्यवसाय पर्वरीत आहे, जूनपासून सप्टेंबरपर्यंत काम थंडावते आणि सोफे, वेताच्या खुर्च्या, आरसे, गालिचे असे सारे सामान एका खोलीत पडून राहते. ते बुरशी न लागता कसे राखावे, असे आपण विचारले आहे. वाचायला मिळालेले सगळे सल्ले परदेशातील हिवाळ्यासाठीचे आहेत, असेही आपण लिहिले आहे. मी फोंड्याजवळ हेच काम करतो, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

थंड देशांत हिवाळ्यात तापवलेल्या खोलीतली हवा फार कोरडी होते, लाकूड आकसते, सांधे सुटतात आणि तडे जातात; म्हणून तिथे हवेत थोडा ओलावा राखण्याची धडपड असते. आपली अडचण नेमकी याच्या उलट आहे. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतांश या चार महिन्यांत पडतो, तरी माझ्या अनुभवाने सामानाचे अधिक नुकसान गळक्या छपरापेक्षा दमट हवेने होते. सापेक्ष आर्द्रता सलग काही दिवस ७० टक्क्यांच्या वर राहिली की कापडावर, चामड्यावर आणि लाकडावर बुरशी धरू लागते, आणि जुलैत ती बहुतेक वेळ ८५ टक्क्यांच्या पुढेच असते. ९० टक्के आर्द्रतेत दीर्घकाळ राहिलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्के पाणी मुरते, आणि तिथून पुढे लाकूड कुजण्याचा धोका सुरू होतो.

व्यवसायाच्या पहिल्या वर्षी मी दोन सोफे आणि वेताच्या सहा खुर्च्या जूनच्या दुसऱ्या आठवड्यात प्लॅस्टिकच्या ताणपट्टीत घट्ट गुंडाळून भाड्याच्या गोदामात ठेवल्या होत्या. चवथीच्या आधी उघडून पाहिले तेव्हा सोफ्यांवर हिरवट पांढरी बुरशी पसरली होती आणि वेत सांध्यांपाशी काळा पडला होता. पाऊस सुरू झाल्यानंतर लाकडात आणि फोममध्ये शिरलेली ओल मी स्वतःच आत कोंडली होती. रात्री गारवा आला की ती प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूने थेंब होऊन कापडावरच उतरत होती. तेव्हापासून मोठे फर्निचर मी केवळ धुतलेल्या सुती चादरींनी झाकतो. उशांची अभ्रे, पडदे, टेबलावरची वस्त्रे यांची गोष्ट वेगळी आहे. ती मे महिन्याच्या उन्हात पूर्ण वाळवता येतात, म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह निर्धास्त ठेवावीत.

यावरून वेळेचे महत्त्व लक्षात येईल. पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात गोव्यात पोहोचतो, त्यामुळे आवराआवर मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पूर्ण व्हायला हवी. आपल्या घरांत पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायच्या, मिरच्या, सोलां (आमसुले) आणि सुकी मासळी ज्या उन्हात वाळतात, त्याच उन्हात गाद्या आणि गालिचेही वाळवावेत. पॉलिश केलेले लाकूड मात्र थेट उन्हात न ठेवता सावलीत, वाऱ्यावर ठेवावे. पावसाच्या तोंडावर लाकडाला जवसाचे तेल चोळण्याची सवय अनेकांना आहे. ती सोडावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण तेलाचा तो थर बुरशीला खाद्यच पुरवतो.

खोली निवडताना नैर्ऋत्येकडच्या आणि पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंती टाळाव्यात. झड तिथेच बसते, आणि गिलावा नसलेला चिरा, म्हणजे जांभा दगड, पाणी शोषून आठवडेच्या आठवडे ओला राहतो. खिडक्या उघड्या ठेवून वारा खेळवावा, हा सल्ला आपल्याला बरेच जण देतील. बाहेरची हवाच ९० टक्के दमट असेल तेव्हा उघड्या खिडकीतून ओलच आत येते, म्हणून मी लहान खोली निवडून दारे-खिडक्यांच्या फटी बंद करतो आणि आत ओलावा शोषणारे यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, लावतो. १२ फूट लांब, १२ फूट रुंद आणि १० फूट उंच खोलीतल्या दमट हवेत जेमतेम एक लिटर पाणी असते, तरी सुरुवातीच्या दिवसांत यंत्राची टाकी रोज कित्येकदा भरते; ते पाणी भिंतींतून आणि सामानातून बाहेर येत असते. आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राखावी आणि ती दाखवणारे छोटे मापक भिंतीवर टांगावे. आपल्याकडे पावसात वीज वारंवार जाते, तेव्हा वीज परतल्यावर आपोआप सुरू होणारेच यंत्र घ्यावे, आणि शक्य असल्यास त्याची नळी थेट मोरीत सोडावी. कॅल्शियम क्लोराइडचे डबे बंद कपाटात उपयोगी पडतात; संपूर्ण खोलीसाठी ते अगदीच अपुरे आहेत. यंत्राचा खर्च परवडत नसेल तर निदान एक पंखा सतत चालू ठेवावा, कारण साचलेल्या हवेत बुरशी लवकर धरते.

सामान जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर मांडावे. वाळवी भिंतीवरून मातीच्या नळ्या करीत चढते आणि मध्ये मोकळी जागा असली तरच त्या नळ्या वेळेवर दिसतात. पुठ्ठ्याची खोकी तर तिला आमंत्रणच देतात. पार्टिकल बोर्डाचे कपाट एकदा पाणी पिऊन फुगले की पूर्ववत होत नाही, म्हणून जागा कमी असेल तर सागवानी वस्तू दाराशी आणि बोर्डाच्या वस्तू खोलीच्या मध्यभागी ठेवाव्यात. आरसे आतल्या भिंतीला उभे टेकवावेत; ओल कडेने शिरली की मागचा मुलामा काळा पडतो आणि त्यावर उपाय नाही. समुद्राजवळ राहत असाल तर लोखंडी पायांना पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा.

दर पंधरवड्याला टॉर्च घेऊन एकदा खोली पाहावी. बुरशी दिसलीच तर ती आत झटकू नये, कारण तिची बीजे साऱ्या सामानावर बसतात. वस्तू बाहेर पडवीत नेऊन, तोंडाला मास्क बांधून, व्हिनेगरात ओलसर केलेल्या फडक्याने पुसावी आणि पंख्याखाली पूर्ण वाळवूनच परत ठेवावी.

ऑक्टोबरात सामान बाहेर काढाल तेव्हा ते त्याच दिवशी वातानुकूलित फ्लॅटमध्ये लावू नये, आठवडाभर साध्या खोलीत राहू द्यावे. पावसात घट्ट बसलेल्या खणाला सुताराकडून रंधा मारून घेण्याचा मोहही टाळावा. कोरडे दिवस आले की तो आपोआप सैल होतो, आणि रंधा मारलेला खण उन्हाळ्यात खडखडू लागतो.