आधी चारही नावं लागू देत

प्रिय मुली,

रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला: "बाई, दादाने दिलेल्या घराच्या कागदावर सही केली नाही तर माहेर तुटेल का?" मग मला झोप कसली! तुझी काळजी होतीच, पण त्याहून जास्त राग आला तो माझा मलाच.

१९९८ साली, वडील जाऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा माझ्यापुढेही असाच कागद आला. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुल्या मारून ठेवलेल्या. भाऊ म्हणाला, "नुसती वारस नोंद आहे गं." मी फुल्या बघत सह्या करत गेले. निबंधक कार्यालयात अंगठ्याला शाई लागली तेव्हाही विचारलं नाही. ते हक्कसोडपत्र होतं.

तुझं नीट ऐक. घर वडिलांच्या कमाईचं, मृत्युपत्र नाही, आजी हयात नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे आई, दोघे भाऊ आणि तू, प्रत्येकी चौथा हिस्सा. लग्न झालं म्हणून तो जात नाही. सोसायटीत नामांकन, म्हणजे नॉमिनी म्हणून नाव, दादाचं आहे? असू दे, नामांकनाने मालकी मिळत नाही. घराला आधी चारही नावं लागू देत.

दादा म्हणतो, एवढी नावं लागली तर घर परक्याच्या घशात जाईल. काहीतरीच! वाटप होईपर्यंत ही खोली याची, ती त्याची असं नसतं, प्रत्येकाचा हिस्सा सगळ्या घरात असतो. कोणी आपला हिस्सा विकलाच, तरी विकत घेणारा परका माणूस तुमच्या राहत्या घरात येऊन बसू शकत नाही. तो वाटपाचा दावा लावेल, तर १८९३ च्या विभाजन कायद्याने कोर्ट ठरवेल त्या किमतीला त्याचा हिस्सा तुम्हीच मागू शकता.

आणि हक्क तोंडी सोडला म्हणून सुटत नाही, नोंदणीकृत दस्त लागतो. म्हणून तर इतक्या प्रेमाने बोलावताहेत! सोडायचाच असेल तर आईच्या नावे खुशाल सोड. पण आधी चारही नावं लागू देत, मग कागद वाचून सोड.

तुम्ही तेव्हा का गप्प बसलात, असं विचारशील. अगं, तेव्हा याच वारसा कायद्यात कलम २३ होतं. भावांनी वाटप केल्याशिवाय मुलीला राहत्या घराचं वाटप मागता येत नव्हतं, नांदत्या लेकीला तिथे राहायचाही हक्क नव्हता. ९ सप्टेंबर २००५ ला ते कलम गेलं. मी कशाच्या जोरावर भांडणार होते? ...पण हिस्सा तेव्हाही होता. तो कायद्याने नेला नाही, मीच देऊन आले.

आणि सही करून माझं माहेर टिकलं का? दोन वर्षांत कुलूप बदललं. नवी किल्ली मला कोणी दिली नाही, मीही मागितली नाही.

दादाने दिलेल्या कागदाच्या सगळ्या पानांचे फोटो पाठव. पहिल्या पानावर दस्ताचं नाव ठळक असतं, ते आधी तू वाच.

तुझ्या बाई