कोंबडीची पाठ उघडी का पडते?

पावसाळा सरत आला की परसात कोंबड्या अंड्यांवर बसवायची घाई सुरू होते आणि नाशिकच्या आसपासहून त्याच त्या शंका माझ्याकडे येऊ लागतात. कोंबडे किती ठेवायचे, हा त्यातला सगळ्यात मोठा गोंधळ. जनावरांच्या दवाखान्यात तेच उत्तर रोज द्यावं लागतंय, म्हणून या वेळी लिहूनच देते.

मॅडम, दहा गावठी कोंबड्या आहेत. पिल्लं काढायला कोंबडे किती लागतील? (मखमलाबाद)

एक.

आमच्याकडे नऊ कोंबड्यांत तीन कोंबडे आहेत. दोन तलंगांच्या (तरण्या कोंबड्यांच्या) पाठीवरची पिसं गेली आहेत. दुकानदाराने कॅल्शियमचं टॉनिक दिलं. पंधरा दिवस झाले, फरक नाही. (सिन्नर)

फरक पडणारही नाही. पिसं झडायची वेळ आली की ती मान, पंख, शेपूट अशी सगळीकडची झडतात. फक्त पाठ आणि डोक्यामागचा भाग उघडा पडला असेल तर तो नरांचा, म्हणजे जास्त झालेल्या कोंबड्यांचा त्रास आहे. कोंबडा चढताना डोक्यामागची पिसं चोचीत पकडतो आणि नखं रोवून पाठीवर तोल सांभाळतो. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या असल्या तर हे सोसण्याजोगं राहतं. तुमच्याकडे एकामागे तीन आहेत. त्यातही जी गरीब तलंग चटकन खाली बसते, तिच्यावरच तिघंही दिवसभर चढतात. दुकानदाराने कोंबडी पाहिलीसुद्धा नसेल. बाटली मात्र विकली.

नुसती पिसं गेली असती तर मी एवढं लांबवलं नसतं. गेल्या वर्षी दिंडोरीकडच्या एक ताई पिशवीतून तलंग घेऊन आल्या. वरून बघितलं तर पाठ उघडी आणि लालसर, बाकी काही नाही. मी पंख उचलला. खाली बरगडीवर चार बोटं लांब कातडी उसवलेली होती आणि आत अळ्या वळवळत होत्या. कोंबड्याच्या टाचेवरच्या काट्याने फाडलेली जखम पंखाखाली झाकली गेली होती. ती दाणे टिपत होती, म्हणून घरच्यांना वाटलं ठीक आहे. अळ्या काढल्या, जखम धुतली, टाके घातले. तिसऱ्या दिवशी ती गेली. आठ दिवस आधी आणली असती तर वाचली असती, असं मला आजही वाटतं. कोंबडी दुखणं लपवते, हे पाळणाऱ्याने पक्कं ध्यानात ठेवावं.

म्हणून आज अंधार पडून कोंबड्या खुराड्यात शांत झाल्या की एकेक हातात घ्या आणि दोन्ही पंख उचलून बघा. जखम दिसली तर ती कोंबडी वेगळी ठेवा आणि सकाळीच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. जखमेत हळद, राख, डिझेल काहीही भरू नका.

दोन कोंबडे आजच बाजूला काढा. एकत्र वाढलेले कोंबडे, कोंबड्या नजरेला पडणार नाहीत अशा जागी ठेवले तर सहसा नीट नांदतात. डालग्याखाली दिवसच्या दिवस कोंडून ठेवणं हा उपाय नव्हे. मागे राहील त्याच्या काट्याचं टोक कानशीने बोथट करा. मुळाशी छाटू नका, आत हाड आणि रक्तवाहिनी असते. पहिल्यांदा डॉक्टरांकडून शिकून घ्या.

आणि मागे कोणता ठेवाल? लोक सगळ्यात मोठा, अंगावर धावून येणारा ठेवतात आणि त्याला रुबाबदार म्हणतात. मी तो ठेवणार नाही. किडा सापडला की स्वतः न खाता कुकुक करून कोंबड्यांना बोलावणारा, पंख खाली टाकून गोल फिरणारा, पाठलाग न करणारा कोंबडा शोधा. तुमच्या प्रत्येक पिल्लात अर्धं रक्त त्याचं असणार आणि स्वभावही रक्तातून उतरतो.

पिसांची मात्र घाई करू नका. तुटक्या पिसाचं खुंट कातडीत असेल तर नवं पीस पुढच्या पिसं झडण्याच्या वेळीच येतं.

कोंबडा बदलला. नव्याची पिल्लं हवी असतील तर अंडी कधीपासून बसवू? (ओझर)

तीन आठवड्यांनी. जुन्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन आठवडे, कधी त्याहून जास्तही टिकतं. तोवरची अंडी घरात खा.

चार वर्षं एकच कोंबडा आहे, आता त्याच्याच लेकी अंड्यावर आहेत. या खेपेला बारांतून पाचच पिल्लं निघाली. नजर लागली म्हणतात. (सटाणा)

नजर नाही. बाप-लेकीचा जोड लागला की अंड्यातच पिल्लं मरणं, वाकडी चोच, अधू पाय हे वाढतं. अंडी आठवडाभरापेक्षा जुनी किंवा उन्हात ठेवलेली असतील तर तेही कारण असू शकतं, म्हणून अंड्यावर पेन्सिलीने तारीख लिहीत जा. दर वर्षी कोंबडा बदला. गावातल्या तीन-चार घरांनी मिळून कोंबडे फिरते ठेवले, तलंगा आपापल्या घरी, तर विकत घ्यायचीही गरज नाही.

फक्त आलेला कोंबडा थेट खुराड्यात सोडू नका. तीन आठवडे लांब ठेवा, त्याचं भांडं वेगळं. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात निघाला होता. राणीखेतला, म्हणजे मानमोडीला, इतकं मोठं निमित्तही लागत नाही, बाजारातून आणलेला एक पक्षी पुरतो. लस आधी टोचून घ्या. मान वाकडी झाल्यावर फोन करून उपयोग नसतो. लसीचं वेळापत्रक तुमच्या दवाखान्यातून लिहून घ्या.

विकणारा म्हणतो, कातडी काळी म्हणजे कडकनाथ शुद्ध. खरं का? (इगतपुरी)

नाही. काळा रंग संकरातही उतरतो. झाबुआच्या कडकनाथाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्या नावावर काय वाटेल ते विकलं जाऊ लागलं. 'पिल्लं घ्या, मोठी झाली की आम्हीच परत घेऊ' असं कोणी म्हणालं तर कागदावर सही करण्याआधी पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटा. शुद्धता बघायची तर आईबाप बघायला मागा. आणि त्याची अंडी काळी नसतात, फिकट तपकिरी असतात.

लांबट अंड्यातून कोंबडा निघतो म्हणून गोल अंडीच बसवावीत का? (पेठ)

आकाराचा संबंध नाही. निम्मे नर निघणारच. त्यांचं काय करायचं ते अंडी बसवण्याआधी ठरवा. मोठे झाल्यावर रस्त्यावर सोडून देऊ नका.

रो-हाऊसमध्ये राहतो. पहाटे आरवण्यावरून शेजाऱ्यांची तक्रार आहे. आरवू नये म्हणून ऑनलाइन गळपट्टा मिळतो, तो बांधू का? (इंदिरानगर)

नको. पट्टा आवाज दाबतो तो गळा आवळूनच. त्याच गळ्यातून श्वास आणि दाणाही जातो. कोंबड्याची मान फुगते, पिसं वाढतात, पट्टा तेवढाच राहतो. रात्री खुराड्यात अंधार ठेवला तर आरवणं थोडं कमी होऊ शकतं, पण थांबत नाही. त्याच्या शरीरातलं घड्याळच त्याला पहाटे जागं करतं. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, फक्त पिल्लांसाठी लागतो. तेव्हा त्याला मळ्यात राहणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे द्या आणि उबवायची अंडी तिथून आणा. सोसायटीचे आणि महापालिकेचे नियमही विचारून घ्या. पट्टा आधीच बांधला असेल तर आत्ता उठून काढा आणि कोंबडा तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल तर आजच दवाखाना गाठा.