फेर्दिनांदोच्या सालांचा घोळ: १५६२ की १५६३?

तुमचा प्रश्न वाचला आणि माझे जुने दिवस आठवले. फेर्दिनांदो दे मेदिची (इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या सत्ताधारी घराण्यातला, पुढे तिथला राज्यकर्ता) १५६२ ला कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी, झाला की १५६३ ला, वारला १६०८ ला की १६०९ ला, कुठलं पुस्तक चुकलंय, असं तुम्ही विचारलंय. एकही चुकलेलं नाही. फ्लॉरेन्सचं साल तेव्हा २५ मार्चला बदलायचं. आपलं शक पाडव्याला बदलतं, तसंच. म्हणून जानेवारी ते २४ मार्चचे कागद मागच्या सालाचे दिसतात. आणि तुमच्या दोन्ही घटना नेमक्या त्यातल्या: जानेवारी १५६३ आणि फेब्रुवारी १६०९.

मी इथेच आपटलो होतो. एका अंकासाठी लेख लिहिताना 'जानेवारी १५६२' वाचलं आणि तसंच धरलं. त्याचा थोरला भाऊ ज्योव्हान्नी, तोही कार्डिनल, नोव्हेंबर १५६२ मध्ये वारला. म्हणजे माझ्या हिशेबाने दोघे भाऊ एकाच वेळी कार्डिनल! त्यावर मी बाप कोसिमोच्या हावरेपणाबद्दल दोन पानं लिहिली. खरं उलटंच होतं. ज्योव्हान्नी गेला, महिन्याभरात गार्झिया हा भाऊ आणि आईही गेली, आणि त्यानंतर कार्डिनलची लाल टोपी फेर्दिनांदोकडे, या १३ वर्षांच्या मुलाकडे, आली. दुःखाच्या घराला मी लोभी ठरवलं, हे मला आजही लागतं.

शंका आली नव्हती असं नाही. एका ग्रंथालयाकडून पैसे भरून कागदाचा फोटो मागवला होता, त्यांनाच विचारलं, हे साल जुन्या पद्धतीचं का? चार महिन्यांनी एका ओळीत उत्तर आलं: कागदावर आहे तेच नोंदीत आहे. तोवर अंक छापून झाला होता. 'हो, जुन्या पद्धतीचं' एवढं लिहायला किती वेळ लागतो?

माझं मत, आणि मी इतिहासाचा प्राध्यापक नाही हे धरूनच घ्या: या तीन महिन्यांत साल '१५६२/६३' असं दोन्ही लिहा. शेजारच्या पिसा शहराच्या कागदांना आणखी जपा. तिथेही साल २५ मार्चलाच बदलायचं, पण फ्लॉरेन्सच्या एक वर्ष पुढे.

ऑक्टोबर १५८७ मध्ये फेर्दिनांदोचा भाऊ फ्रान्चेस्को, तेव्हाचा राज्यकर्ता, आणि वहिनी बियांका एका दिवसाच्या अंतराने गेले. गादीसाठी फेर्दिनांदोनेच विष घातलं, या कथेवर चरित्र उभं करू नका. फ्रान्चेस्कोच्या हाडांत पुढे मलेरियाच्या खुणा सापडल्यात. जागा द्यायचीच तर लिव्होर्नो या त्याच्या राज्यातल्या बंदराला द्या. १५९१ आणि १५९३ च्या फर्मानांनी त्याने तिथे ज्यूंसह परक्या व्यापाऱ्यांना आसरा दिला. पुरोहितपदाची दीक्षा त्याने कधीच घेतली नव्हती, म्हणून कार्डिनलपद सोडून १५८९ मध्ये लोरेनच्या क्रिस्तीनाशी लग्न करता आलं, हेही विसरू नका.

गोव्याला जाणार असाल तर जुन्या गोव्यात बॉम जीझस चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरच्या पेटीखालचा रंगीत दगडांचा चौथरा नीट बघा. तो फ्लॉरेन्समध्ये घडवून फेर्दिनांदोच्या पणतवाने, तिसऱ्या कोसिमोने, पाठवला. दगडांच्या जडावकामाचा दरबारी कारखाना १५८८ मध्ये फेर्दिनांदोनेच उभा केला होता.