खेळात शिरायचं कसं?

प्रश्न : जूनमध्ये आम्ही पारोळा तालुक्यातल्या गावाहून जळगावला राहायला आलो. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. गावी दिवसभर पोरांत असायचा, इथे मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून उभा असतो. बाईंनी ‘याला खेळायला घ्या’ सांगितलं की दोन दिवस घेतात, पुन्हा तेच. अहिराणीत ‘माले’ (मला) म्हटलं की मुलं हसतात. घरात अहिराणी बंद करावी का?
– एक आई, जळगाव

उत्तर : ताई, अहिराणी मुळीच बंद करू नका. ज्या भाषेत तो रुसतो, हट्ट करतो, तीच तोडली तर तो घरातही गप्प होईल. कुणी हसलं तर ‘आमच्याकडे असंच म्हणतात’ एवढं म्हणून खेळत राहायला सांगा. तीच मुलं मुद्दाम, रोज चिडवत असतील, तर मात्र बाईंना एकटं भेटून बोला.

खरी अडचण चालू खेळात शिरण्याची आहे. गावी सगळे लहानपणापासूनचे सोबती, त्यामुळे हे त्याला कधी करावंच लागलं नाही. भिंत सोडून खेळाच्या जवळ उभं राहायचं. दोन-तीन मिनिटं नुसतं बघायचं : डाव कुणावर आहे, कोणत्या बाजूला गडी कमी आहे. मग खेळाला उपयोगी पडेल असं काहीतरी करायचं. लगोरीचा चेंडू लांब गेला, तर पळत जाऊन आणून द्यायचा. त्यानंतर ‘मी या बाजूने येतो’ एवढंच. ‘मला घेता का?’ विचारलं की ‘नाही’ म्हणणं फार सोपं जातं. ‘आमच्या गावाला असं नसतं’ म्हणत नियम काढले, स्वतःबद्दल सांगत बसलं किंवा प्रश्नांची सरबत्ती केली, की खेळ थांबतो, आणि मुलं खेळ वाचवण्यासाठी नव्याला बाहेर ठेवतात. पुटालाझ आणि गॉटमन या मानसशास्त्रज्ञांच्या 1981 मधल्या अभ्यासातही हेच दिसलं होतं.

नकार सगळ्यांनाच मिळतो, मुलांच्या आवडत्या गड्यालाही. म्हणून घरी सराव करा. तुम्ही आणि घरातलं कुणी खेळा, त्याला शिरू द्या, आणि मधूनच मुद्दाम ‘नाही’ म्हणा. वाद न घालता बाजूला होऊन पाच मिनिटांनी पुन्हा यायचं, हे अंगवळणी पडलं पाहिजे.

बाईंच्या हुकमाने जागा मिळते, काम मिळत नाही. त्यापेक्षा एखाद्या शांत मुलासोबत वह्या वाटायचं काम दोन-तीन आठवडे द्यायला सांगा.

सुट्टीच्या दिवशी एकाच मुलाला घरी बोलवा. तिघं झाले की दोघांची जोडी जमते आणि एक उरतो. वेळ दीड तास; उन्हाळ्यात संध्याकाळी सहानंतर. कॅरम, पतंग असं काही आधीच ठरवा, जी वस्तू तुमच्या मुलाला कुणाला द्यायची नाही ती आधीच उचलून ठेवा, आणि मोबाइल दोघांनाही नको. या वयात मैत्री ‘तू मला, मी तुला’ अशी असते, तुटते आणि जुळते. प्रत्येक भांडणावर दुसऱ्या आईला फोन करू नका.

प्रश्न : नातू तीन वर्षांचा. अंगणवाडीत मुलांच्या शेजारी बसतो, पण आपलं आपलंच खेळतो.
– एक आजोबा, शिरपूर

उत्तर : आजोबा, या वयात हे नेहमीचं आहे. मुलांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्या मिल्ड्रेड पार्टेन यांनी 1932 मध्येच अशा शेजारी-शेजारी खेळण्याची नोंद केली होती. मिळून खेळणं साधारण चौथ्या वर्षापासून वाढतं. मात्र हाक मारल्यावर वळत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, किंवा आधी बोलायचा ते शब्द गेले असतील, तर वाट बघू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. त्याआधीच बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि कान तपासायला नक्की सांगा.