चेंडू वळत का नाही?

प्रश्न : मी टेनपिन बोलिंग (जड चेंडू घरंगळत सोडून दहा पिना पाडण्याचा खेळ) उजव्या हाताने खेळतो. मनगट जोराने पिळूनही चेंडू सरळच जातो. हूक, म्हणजे शेवटी वळणारी चाल, कशी मिळवावी?

उत्तर : मनगट पिळणे हीच बहुधा मुख्य चूक असावी. चेंडू सुटताना आधी अंगठा बाहेर यावा आणि त्यानंतर मधले बोट व अनामिका चेंडूच्या कडेने वर उचलली जावीत. हस्तांदोलनासाठी हात पुढे करावा, साधारण तसाच तो शेवटी दिसतो. हात चेंडूच्या वरून फिरला, तर चेंडू भोवऱ्यासारखा गिरक्या घेतो आणि पृष्ठभागावर पकड घेत नाही.

धाव घेऊन येणाऱ्यांचा हात अनेकदा मागे राहतो व मग तो बळाने ओढावा लागतो. चार पावलांच्या पद्धतीत पहिल्या पावलाबरोबर चेंडू पुढे ढकलून हात लंबकासारखा झुलू द्यावा आणि डावा पाय घसरत थांबण्याच्या सुमारास चेंडू सोडावा.

दोष सर्वस्वी आपलाच आहे, असेही नाही. फाउल रेषेपासून (चेंडू सोडताना जी ओलांडायची नसते) पहिल्या पिनपर्यंत ६० फूट अंतर असते आणि त्यातील साधारण पहिल्या ४० फुटांवर चेंडूच्या मार्गावर तेल लावलेले असते. बोलिंग केंद्रात मिळणारा प्लॅस्टिकचा चेंडू तेल संपल्यावरही फारसा वळत नाही. रिॲक्टिव्ह रेझिनचा (जास्त पकड घेणाऱ्या आवरणाचा) चेंडू मात्र कोरड्या भागात पकड घेतो. असा चेंडू घेतल्यास बोटांची छिद्रे पहिल्या पेरापर्यंतच बोटे जातील अशी पाडून घ्यावीत. अंगठ्याचे छिद्र आवळ असेल, तर अंगठा वेळेवर सुटणार नाही.