वाचक विचारतात : जर्मन कळतं, पण बोलताना अडतं

माझं जर्मन बी-वनपर्यंत (युरोपीय भाषापातळ्यांतली मधली पातळी) झालंय. व्याकरणाच्या चाचणीत चांगले गुण मिळतात, पण बोलायची वेळ आली की शब्द सापडेपर्यंत वाक्य निसटतं. परीक्षा जवळ आली आहे. व्याकरण पुन्हा पहिल्यापासून करू का? – एक वाचक, सातारा

नका करू. तुम्हाला व्याकरण येतं, फक्त ते वेळेत हाताशी येत नाही. लिहिताना थांबून विचार करता येतो. बोलताना शब्द, लिंग, विभक्ती, क्रियापदाची जागा आणि उच्चार हे सगळं एकाच वेळी सांभाळावं लागतं, आणि समोरचा वाट पाहत असतो. याची सवय फक्त बोलूनच होते, आणि वर्गात बोलायला मिळतं फार थोडं. २० जणांच्या वर्गात ९० मिनिटांपैकी निम्मा वेळ बोलण्यासाठी ठेवला, तरी एकेकाच्या वाट्याला सव्वादोन मिनिटं येतात. तोच वेळ जोड्यांमध्ये वापरला, तर प्रत्येकाला वीसेक मिनिटं मिळतात. म्हणून आधी एक जोडीदार शोधा.

मग चार-तीन-दोनचा सराव करा. पॉल नेशन या भाषाशिक्षणतज्ज्ञांच्या लेखनातून ही पद्धत बरीच रूढ झाली. ओळखीचा विषय घ्या, उदाहरणार्थ तुमचा कामाचा दिवस. तो एकाला ४ मिनिटांत सांगा, तोच दुसऱ्याला ३ मिनिटांत आणि तिसऱ्याला २ मिनिटांत. ऐकणाऱ्याने मध्ये दुरुस्ती करायची नाही. प्रत्येक वेळी ऐकणारा नवा हवा, नाहीतर सांगण्यात जीव राहत नाही. माणसं नसतील तर फोनवर रेकॉर्ड करा. इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, लोक मजकूर लिहून पाठ करतात. मग तो घोकलेला उतारा होतो आणि पहिल्याच प्रश्नाला गाडी अडते. दोन, वेळ कमी झाला की आशयच कापतात. आशय तेवढाच ठेवा, कमी व्हायला हव्यात त्या मधल्या थांबण्याच्या जागा. रेकॉर्डिंग ऐकताना आपण कुठे थांबतो ते बघा. वाक्य संपल्यावर थांबलात तर काही बिघडत नाही. वाक्याच्या मध्ये थांबत असाल, तर तो शब्द किंवा ती रचना अजून बसलेली नाही. तिसऱ्या फेरीनंतर अशा दोनच चुका वहीत टिपा, जास्त नकोत.

मराठी माणसाची एक चूक सांगतो. ‘उद्या मी डॉक्टरकडे जातो’ या क्रमाने ‘मॉर्गन इश गेहे त्सुम आर्त्स्ट’ असं तोंडातून जातं. मराठीत आणि इंग्रजीत कालवाचक शब्दानंतर कर्ता येतो, म्हणून ही चूक कानाला खटकतच नाही. जर्मनमध्ये मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी हवं : ‘मॉर्गन गेहे इश त्सुम आर्त्स्ट’. रोज दहा वाक्यं काल, उद्या, सकाळी अशा शब्दांनी सुरू करून मोठ्याने म्हणा. उलट ‘दास’ने (dass, म्हणजे ‘की’) जोडलेल्या गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, आणि ते आपल्याला मराठीमुळे सोपं जातं.

लिंगांच्या बाबतीत मात्र मराठीवर विसंबू नका. तीन लिंगं दोन्हीकडे आहेत, पण जुळतीलच असं नाही. चमचा, काटा, सुरी यांतला चमचा तिकडेही पुल्लिंगी, पण काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. नाम पाठ करताना डेअर, डी, दास (अनुक्रमे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी नामाआधी येणारे शब्द) लावूनच पाठ करा.

परीक्षेबद्दल : ग्योटे-इन्स्टिट्यूटच्या बी-वनमध्ये तोंडी भाग सहसा जोडीने होतो, साधारण १५ मिनिटांचा, आणि त्याआधी तयारीला १५ मिनिटं मिळतात. एकत्र काहीतरी ठरवणं, विषय मांडणं आणि त्यावर प्रश्नोत्तरं असे तीन भाग असतात. उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ६० गुण लागतात. बहुतेक जण मांडणीवरच सगळा वेळ घालवतात. पहिल्या भागात जोडीदाराचं ऐकून त्याला उत्तर द्यायचं असतं, तेव्हा सुचवणं, नाकारणं आणि दुसरा पर्याय देणं यांची वाक्यं आधीच तोंडात बसलेली हवीत.

बी-टू झाल्यावर नर्स म्हणून जर्मनीला जायचं आहे. रुग्णांशी बोलताना काय अडेल? – पुणे

पहिली गोष्ट आकडे. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी म्हणतो, जर्मनही तसंच म्हणतो. हा आपला फायदा आहे, पण आकड्यांचा इंग्रजीत विचार करणाऱ्यांच्या हातून तो निसटतो. ‘फ्युन्फत्सेन’ म्हणजे १५ आणि ‘फ्युन्फत्सिश’ म्हणजे ५०. फरक फक्त शेवटात आहे, आणि औषधाच्या मात्रेत तो गंभीर ठरतो. म्हणून ऐकलेला आकडा नेहमी परत म्हणून दाखवा.

न कळता ‘या’ (म्हणजे ‘हो’) म्हणू नका. तिकडे त्याचा अर्थ ‘समजलं, मान्य आहे’ असाच घेतला जातो. मान डोलावण्यानेही गैरसमज होतो. ‘क्योन्टन झी दास बिटे वीडरहोलन?’ म्हणजे कृपया पुन्हा सांगाल का, हे वाक्य न अडखळता यायलाच हवं. त्यातलं ‘क्यो’ नीट काढा : ओठ ‘ओ’सारखे गोल करायचे आणि जीभ ‘ए’च्या जागी ठेवायची. साधं ‘कोन्टन’ म्हटलंत तर विनंतीचा भूतकाळ होतो.

आणि आपल्याकडे वयस्क रुग्णाला आजी, काका म्हणतो ते तिकडे चालत नाही. ‘ओमा’ (आजी) म्हटलं तर अपमान वाटू शकतो. ‘फ्राऊ’ (श्रीमती) किंवा ‘हेर’ (श्री) आणि आडनाव असं म्हणा, सोबत आदरार्थी ‘झी’ (तुम्ही). सहकारी मात्र बहुधा ‘डू’वर (तू) येतात, पण पुढाकार त्यांना घेऊ द्या.

वय ४२. उशीर झालाय का? – नाशिक

मोठ्या वयाचा परिणाम सर्वांत जास्त दिसतो तो उच्चारावर. क्राशेन, लाँग आणि स्कार्सेला यांच्या १९७९च्या आढाव्यात सुरुवातीचे टप्पे प्रौढ मुलांपेक्षा लवकर पार करतात, आणि शेवटी मुलं पुढे जातात, असं दिसलं. कामाच्या संवादासाठी स्थानिकांसारखा उच्चार लागत नाही, समजणारा लागतो. स्वरांची लांबी आणि ओठांची गोलाई यांवर रोज दहा मिनिटं द्या.