जर्मनीला शिकायला जाताना: व्हिसानंतरच्या तारखा

प्रश्न: माझी मुलगी बडोद्याला एम. एस. युनिव्हर्सिटीत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला पुढचं शिक्षण जर्मनीत घ्यायचंय. एजंट म्हणतो, व्हिसा लागला की दोन वर्षांत पीआर नक्की. आम्ही 15 लाखांचं कर्ज काढतोय. नोकरी नाही लागली तर तिला परत पाठवतील का?
– एक आई, दांडिया बाजार

ताई, एजंट सांगतो ती दोन वर्षं शिक्षणाची नव्हेत, त्यानंतरच्या नोकरीची आहेत. जर्मन विद्यापीठाची पदवी घेऊन, शिक्षणाला साजेशी नोकरी दोन वर्षं केली, पेन्शनचे 24 हप्ते भरले आणि बी1 पातळीची, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरती मध्यम जर्मन दाखवली, की कायमच्या परवान्यासाठी, म्हणजेच पीआरसाठी, अर्ज करता येतो. त्याआधी मास्टर्सची दोन वर्षं आणि नोकरीचा शोध आलाच. तेव्हा साडेचार-पाच वर्षं धरून चाला, आणि जर्मनचा क्लास इथेच, याच वर्षी सुरू करा.

नोकरी नाही लागली तर लगेच परत पाठवत नाहीत. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिन्यांचा परवाना मिळतो. त्या काळात खर्च भागवायला कुठलंही काम चालतं. मात्र त्याचा अर्ज विद्यार्थी-परवाना संपायच्या आत गेला पाहिजे.

मुलं खरी अडकतात ती सुरुवातीलाच. इथून मिळणारा व्हिसा बहुधा काही महिन्यांचाच असतो, राहण्याचा परवाना तिथे जाऊन काढावा लागतो. खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करायची. त्याला घरमालकाच्या किंवा खोली देणाऱ्याच्या सहीचा ठरावीक फॉर्म लागतो, नुसता भाडेकरार चालत नाही. ओळखीच्या सीनियरने मालकाला न विचारता खोलीत जागा दिली, तर तो फॉर्म बहुधा मिळत नाही आणि पुढचं सगळं तिथेच थांबतं, कारण परवान्याचं काम कुठल्या शहराच्या कार्यालयात जाणार ते नोंदवलेल्या पत्त्यावरून ठरतं. म्हणून खोली ठरवतानाच मुलीला एवढं विचारू द्या: नोंदणीसाठी फॉर्म देणार का? नाही म्हणाले तर ती खोली स्वस्त असली तरी नको.

मोठ्या शहरांत परवान्याच्या अपॉइंटमेंटला महिनोन् महिने लागतात. व्हिसा संपण्याआधी अर्ज गेलेला असेल, तर निर्णय होईपर्यंत तिचा मुक्काम कायदेशीर राहतो. त्याचा पुरावा म्हणून फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा कागद मागून घ्यायचा आणि अर्ज पाठवल्याची पोच जपून ठेवायची. एका दिवसाचाही उशीर झाला तर हे संरक्षण आपोआप मिळत नाही. दिवाळीला घरी यायचं तिकीट हा कागद हातात आल्यावरच काढा.

आता पैशांचं. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे पैसे आधी भरून महिन्याला ठरावीकच काढता येतात अशा खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, त्यातले महिन्याला 992 हातात येतात. परवाना वाढवताना पुढच्या काळाच्या खर्चाची सोय पुन्हा दाखवावी लागते. पालकांच्या हिशेबात नेमकं हेच राहून जातं. आजच्या दराने तुमच्या 15 लाखांत विमान, विमा धरून एकच वर्ष निघेल. विद्यार्थ्याला वर्षात 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. पण पहिल्या सहामाहीत काम मिळेलच असं गृहीत धरू नका. कर्ज दोन वर्षांचं मंजूर करून घ्या, उचल हप्त्याहप्त्याने घ्या.

एक काम मात्र या आठवड्यातच करा. मार्कशीट, पासपोर्ट आणि बँकेची कागदपत्रं शेजारी शेजारी ठेवून नावं ताडून पाहा. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी येतं, त्याने फारसं बिघडत नाही. पण वडील एका कागदावर ‘सुनील’ आणि दुसऱ्यावर ‘सुनीलभाई’ असतील, तर कर्जाच्या मंजुरीपत्रापासूनच प्रश्न सुरू होतात. भारतीय विद्यार्थ्यांना सक्तीचं असलेलं एपीएस प्रमाणपत्र (शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) काढण्याआधीच हे सरळ करून घ्या. व्हिसा नाकारला तर दूतावासाकडे फेरविचार मागायची जुनी सोय 1 जुलै 2025 पासून बंद झाली आहे. आता नवा अर्ज तरी करावा लागतो, नाहीतर बर्लिनच्या न्यायालयात जावं लागतं. तोवर सेमिस्टर निघून जातं.